शुक्रवारच्या दोन मेणबत्त्या

सिस्टर आन्ना मंगळवारी गेल्या.

आज कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात एक तरुण सिस्टर खिडकीखालच्या दगडावरचं मेण सुरीनं खरवडायला निघाली होती. ‘‘राहू द्या,’’ मी म्हणाले.

शाळेत असताना मी आन्ना सिस्टरना विचारलं होतं, ‘‘चॅपल सोडून इथं का लावता मेणबत्त्या? त्याही शुक्रवारीच?’’

त्यांनी सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात युरोपातलं त्यांचं गाव जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. त्यांच्या मठानं एक ज्यू कुटुंब लपवलं होतं. त्यातल्या आईला शुक्रवारी संध्याकाळी, ज्यूंचा पवित्र शब्बाथ सुरू होताना, रीतीप्रमाणे दोन ज्योती लावायच्या असत. कुणाच्या लक्षात आलं असतं, तर सगळ्यांचाच जीव गेला असता. मग मठाच्या प्रमुख मदरनी दर शुक्रवारी मठभर मेणबत्त्या लावायला सांगितल्या. एवढ्यांत त्या दोन कोण ओळखणार?

‘‘झडतीला आलेला अधिकारी म्हणाला, एवढ्या कशाला? मदर म्हणाल्या, आमची पापं फार आहेत, साहेब!’’ हे सांगताना सिस्टर मुलीसारख्या हसल्या होत्या.

माणसाला आसरा देताना त्याचा देव दाराबाहेर ठेवायला त्या मठानं सांगितलं नाही. अशा मठातल्या बाईनं मला वाचायला शिकवलं, याचा मला अभिमान आहे.

ते कुटुंब वाचलं. इथं भारतात आल्यावरही सिस्टरनी त्या दोन मेणबत्त्या सोडल्या नाहीत.

हे सगळं ऐकून तरुण सिस्टरनं सुरी ठेवून दिली. दगडावर मेणाचे दोन डाग आहेत.