पट्ट्यावरची जाळी

तिची वेणी पट्ट्यात गेली तेव्हा मी बांबू शोधत होते. छतालगत एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका मशीनवर यायचे. एकच मशीन थांबवायची तर तिचा पट्टा बांबूने ढकलून उतरवायचा. सगळं एकदम बंद करायचं बटण मिस्त्रीच्या खोलीत, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याला बायकांनी हात लावायचा नाही असा हुकूम. बांबू भिंतीला टेकलेला असायचा. त्या दिवशी नव्हता. मिस्त्रीने तो मागच्या अंगणात चिंचा पाडायला नेला होता. मी पळत जाऊन बटण बंद केलं. परत आले तोवर ती खाली पडली होती. तिला हातगाडीवरून दवाखान्यात नेलं. संध्याकाळ काही तिला दिसली नाही.

पट्टा काय करतो ते मला ठाऊक होतं. चार महिन्यांआधी त्याच मशीनवर माझी वेणी गेली होती. तेव्हा बांबू जागेवर होता आणि तो उचलणारी हीच होती. आमच्याच वस्तीतली, विहारात माझ्या पुढच्या रांगेत बसणारी. माझी वेणी गेली, कानामागची तळहाताएवढी कातडी गेली, मी महिनाभर घरी पडले. तेव्हापासून माझ्या मशीनवर ती बसायला लागली.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, कमानिया गेटच्या मागे हा कारखाना होता. पंख्याच्या मोटरीत तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती आम्ही बायका गुंडाळत होतो. तार केसाएवढी बारीक. तुटली की टोक शोधायला खाली वाकावं लागे. वाकलं की अंबाडा सुटे, वेणी पुढे लोंबे, आणि पट्टा तिथेच, गुडघ्याजवळ. माझ्या अपघातानंतर मालकाने भिंतीवर रंगवून घेतलं, केस बांधून काम करा. माझे केस बांधलेलेच होते. पण मालकाने जन्मात कधी अंबाडा घातला नव्हता, त्यामुळे तो सुटतो हे त्याला कोण सांगणार.

ती गेल्यावर आम्ही मशीनवर बसलो नाही. तीन दिवस हॉलच्या दारात बसलो. चौथ्या दिवशी एका फिटरने कॅन्टीनच्या दुधाच्या कपाटाचं जाळीचं दार काढलं, वाकवलं आणि चार बोल्ट मारून त्या पट्ट्यावर बसवलं. दिसायला भिकार होतं, एक बाजू हिरवी आणि एक गंजकी. पण त्यानंतर कोणाची वेणी गेली नाही. मग बाकीच्या मशीनांनाही जाळ्या लागल्या, आणि मालकाने पाहुण्यांना त्या स्वतःची अक्कल म्हणून दाखवल्या.

आता त्या मालकाच्या नातवाने विजय नगरला जुन्या मशीनांचं संग्रहालय काढलं आहे. माझी नात शाळेत शिकवते. तिच्या वर्गाची सहल तिथे निघाली तेव्हा म्हणाली, "आजी, तुम्ही पण चलो, तुमची मशीन आहे तिथे." एवढं मराठी ती बोलते. बाकी मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि घरात सगळे त्याला प्रगती म्हणतात.

माझी मशीन पांढऱ्या चौथऱ्यावर होती, पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीला बसवतात तशी. वरून दिवा, भोवती लाल दोरी, अंगावर नवा हिरवा रंग. मी चौथीपर्यंत शिकले, हळूहळू वाचते, पण पाटी पूर्ण वाचली. मशीन जहाजातून आली हे होतं. मालकाचं नाव दोनदा होतं. या मशीनने शहरातल्या महिलांना हुनर आणि स्वावलंबन दिलं असंही होतं. आम्ही तिला काय दिलं ते नव्हतं.

मग मी पट्ट्याकडे पाहिलं. जाळी नव्हती. बोल्टांची चार भोकं पुट्टी भरून बुजवली होती, वरून रंग मारला होता.

छतालगतचा दांडा त्यांनी हुबेहूब केला होता आणि त्याला छोटी मोटर लावली होती. काळं जाकीट घातलेल्या पोराने बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला. त्याने दोरी काढली आणि मुलींना म्हणाला, या, जवळ या, वाकून बघा, तार कुठून जाते ते दिसेल. मुली शाळेच्या पोशाखात, दोन दोन वेण्या, लाल रिबिनी. पुढची एक वाकली.

मी बटण बंद केलं. या वेळी ते जवळ होतं.

जाकीटवाला म्हणाला, अम्माजी, हात नका लावू. मी हिंदीत विचारलं, जाळी कुठे आहे? त्याने मला समजावलं, लहान पोरांना समजावतात त्या आवाजात. ती जाळी मागाहून लागली होती, मूळ मशीनचा भाग नव्हती. बाहेरून जाणकार आले होते, त्यांनी काढायला सांगितली. आता मशीन अगदी ओरिजिनल आहे, जहाजातून उतरली तशी.

मी रागात मराठीतच म्हटलं, "तशा मशीनीनं बाई मारली, तवा ती जाळी लागली. तू काहून तिच्या मरणाच्या आधीची मशीन चालवून राहिला? अन् लेकरांना वाकून पाहा म्हणून राहिला?"

त्याला मराठी कळलं नाही. नातीने त्याला हिंदीत सांगितलं, जरा मऊ करून. मी म्हटलं, मऊ नको करू. तिची मान खाली गेली. सहलीत तमाशा झाला तर शाळेत तिलाच ऐकावं लागणार होतं, आणि ते मला समजत होतं. मी दोरीच्या आत जाऊन मशीनपुढच्या स्टुलावर बसले. तिथे मी वर्षानुवर्षं बसले होते, तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. मग नातीने मुलींना चार पावलं मागे घेतलं आणि त्याला म्हणाली, "भैया, जाली लगाइए. नहीं तो नहीं चलेगी."

त्याने फोन केला. जाळी जिन्याखाली सापडली, तिच्यावर झाडू वाळत घातले होते. पुट्टी उकरावी लागली, नव्या रंगाचे पोपडे निघाले, जाकीटवाल्याचा जीव कासावीस झाला. फोनवरून मालकाचा नातू म्हणाला, दादीजींचा फोटो काढून भिंतीवर लावू. मी म्हटलं, लावायचा तर तिचा लावा. तिचा त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडेही नाही. मी जाकीटवाल्याला म्हटलं, मग बोल्ट नीट कस.

चारही बोल्ट लागले तेव्हा मी उठले. पाटी अजून तीच आहे.

वाकलेली मुलगी माझ्याजवळ आली आणि खरंच असं झालं होतं का, विचारलं. मी पदर मागे केला आणि कानामागची जागा दाखवली, जिथे केस उगवत नाहीत. तिने हात लावून पाहिलं. मग विचारलं, किती जणींचं झालं?

दोघींचं, म्हटलं. मी जगले.