डाव्या पायाचा ब्रेक

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या लष्कराच्या एका फील्ड वर्कशॉपमध्ये होती. मी कॅप्टन होते. वाहनांची दुरुस्ती माझ्याकडे आणि हाताखाली अठरा जण. साडेपाचला हजेरी, सहाला गाड्यांची तपासणी, साडेसहाला कामाचं वाटप. बाकी दिवस ग्रीस आणि डिझेलच्या वासात जायचा.

त्या अठरांत एकच माणूस माझ्या भागातला होता. मिलिंद तांबे, हुद्दा नाईक. ते पोलादपूरचे, मी महाडची. आमच्यात वीस किलोमीटरचं अंतर, पण मी इंग्रजी शाळेत शिकले होते आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

"मॅडम, तुमचं मराठी इस्त्रीचं हाय," ते म्हणाले. "आमचं दगडावर आपटून धुतलेलं."

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

तांब्यांना जुन्या मोटरसायकलींचा नाद होता. प्रत्येक रजेत कुणाच्या तरी गोठ्यात गंजत पडलेली साडेतीनशे सीसीची गाडी शोधायची, घरी आणायची, खोलायची, बांधायची. हायवेलगत पत्र्याची शेड टाकली होती. निवृत्त झाल्यावर तिथेच बसायचं ठरलं होतं. तयार झालेली गाडी डोंगरातल्या वाड्यांवरच्या माणसाला परवडेल अशा भावात द्यायची, हा त्यांचा नियम.

"शहरातली माणसं हिला क्लासिक म्हनतात नि फोटो काढतात," ते सांगायचे. "आपल्याकडं हिच्यावरनं दूध जातं. पेशंट जातो. एसटी कुठं येते वर?"

त्या वर्षी ते तीस दिवसांची रजा काढून रविवारी दुपारी परतले. मला रिपोर्ट केला. रजा कशी गेली, मी विचारलं. एवढंच विचारायची माझी पद्धत.

"एक नंबर, मॅडम. तिघी तयार केल्या. रोज आंबेनळी घाट चढवून उतरवून बघितल्या. म्हैनाभर दुसऱ्या गाडीला पाय लावला नाय."

मी ते ऐकलं. पुढे जे घडलं त्यात हे एक वाक्य मला सोडत नाही.

सोमवारी सकाळी सहा दहाला रेडिओवर संदेश आला.

"रोमिओ वन, रस्त्यावर थ्री टन ट्रक बंद. वळणावर आडवी. मागे कॉन्व्हॉय थांबलाय. मेकॅनिक पाठवा. ओव्हर."

"रॉजर. पाठवते. आउट."

ठिकाण चौदा किलोमीटरवर, खालच्या बाजूला. पाऊस होता. वाट अरुंद. मोटरसायकलवरून मेकॅनिक आधी पोहोचला तर अर्धं काम होणार होतं. मी तांब्यांना बोलावलं.

"नवी मोटरसायकल घ्या. मी जीपने मागून येते."

"येस, मॅडम."

सहा पंचवीसला आम्ही निघालो. ते पुढे, मी शंभर मीटर मागे. सहा एक्केचाळीसला एका उताराच्या वळणावर रस्त्यात मोठा दगड पडलेला दिसला. तांब्यांना तो माझ्या आधी दिसला असणार. त्यांचं शरीर आवळलेलं मी पाहिलं. डावा पाय खाली दाबलेला पाहिला. मोटरसायकलचा ब्रेकचा दिवा लागला नाही. मागचं चाक घसरलं आणि गाडी कडेवरून खाली गेली.

आम्हाला खाली पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर ते गेले होते.

नागरी वाचकांसाठी सांगते. जुन्या साडेतीनशेला गिअर उजव्या पायाशी असतो आणि ब्रेक डाव्या. आताच्या गाड्यांचं बरोबर उलटं. महिनाभर घाटात डाव्या पायाने ब्रेक मारलेल्या माणसाने संकटात डावाच पाय दाबला. त्या गाडीत तिथे गिअर होता. गाडी थांबण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये गेली, ओल्या रस्त्यावर चाक अडलं आणि सुटलं.

वर्कशॉपमध्ये आम्ही कोणतीही गाडी चाचणीशिवाय बाहेर सोडत नसू. रजेवरून आलेल्या माणसाची चाचणी घ्यावी, हे मला सुचलं नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, मला विचारलं, "त्याने ब्रेक मारला होता का?"

"पाऊस होता, सर. दिसलं नाही."

कारण लिहिलं गेलं: निसरडा रस्ता. त्यांच्या नावावर चूक लागू नये म्हणून तसं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. आदेश माझा होता, हेही तेवढंच खरं.

पुढच्या वर्षी मी सेवा सोडून महाडला आले. या जानेवारीत फोनवर कुणीतरी पाठवलेली जाहिरात पाहिली. जुन्या क्लासिक मोटरसायकली, परवडतील अशा भावात, पोलादपूर. फोटोत पत्र्याची शेड होती. मी स्कूटरने निघाले.

शेडमध्ये तांब्यांची पत्नी सुजाताताई होत्या. अंत्यविधीला मी आले होते, त्यांनी ओळखलं. तिघींपैकी शेवटची गाडी उरली होती. तिच्यावर घाटावरच्या एका वाडीतले गुरुजी बसले होते. शाळा बारा किलोमीटर वर, म्हणून गाडी हवी होती.

"याआधी कुठली चालवलीत?" मी विचारलं.

"मेव्हण्याची. शंभर सीसी. दहा वर्षं चालवतोय."

"आज घेऊन वर जाणार?"

"म्हंजे काय! पोरं वाट बघतायत. गुरुजींची फटफट बघायचीय त्यांना."

सुजाताताई चावी त्यांच्या हातात देत होत्या.

"देऊ नका," मी म्हणाले. माझा आवाज फार वर गेला.

"का? माझ्या मानसानं बांधलेली हाय गाडी. काय खोट हाय तिच्यात?"

"गाडीत नाही."

मग मी सगळं सांगितलं. दिवा, डावा पाय, रविवारचं बोलणं, सोमवारचा आदेश, इन्क्वायरीतलं उत्तर. गुरुजी गाडीवरून हळूच उतरले.

"म्हंजे पावसानं नाय झालं?" सुजाताताईंनी विचारलं.

"नाही."

"तुमाला तवाच कललं व्हतं?"

"हो."

त्यांनी चावी परत मुठीत घेतली.

"आन मी सगल्यास्नी सांगत बसले, पावसानं नेला म्हनून. दोन गाड्या इकल्या गेल्या वर्साला. कुनाला कायच बोलले नाय." त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, आठ दिस हितल्याच शाळेच्या मैदानात फिरवा. म्या येऊन बघीन. मंग कागद देईन."

"बरं, ताई."

मग वही आणि पेन माझ्यापुढे आलं.

"तितं सायबाम्होरं नाय सांगितलंत. हितं लिवा. येनाऱ्या मानसाला वाचू दे."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

"कुनी पाठवलं ते नाय लिवलंत."

मी पुन्हा लिहिलं. तो कागद शेडच्या दारात लावला आहे. गाडी बघायला येणारा आधी तो वाचतो.

"नाईक मिलिंद तांबे कामगिरीवर असताना वारले. ते उत्तम चालक होते. महिनाभर डावीकडे ब्रेक असलेली गाडी चालवल्यावर, सरावाला एक दिवसही न देता, त्यांना उजवीकडे ब्रेक असलेल्या गाडीवर पावसात पाठवलं. आदेश माझा होता."

खाली माझी सही आहे, रँकसकट.