चहाच्या वेळी चालू राहिलेलं मशीन

"ही आमची ॲक्सेस," प्रोफेसर मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. "ही नसती तर त्या चाळींत आम्हाला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं."

विद्यापीठाचं सभागृह हसलं. कौतुकाने हसलं. समोर टेबलावर सगळ्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. माझी नव्हती. गळ्यातल्या कार्डावर नावाच्या जागी 'फील्ड' एवढंच छापलेलं. मला मागच्या रांगेत चहाच्या टेबलाजवळ बसवलं. कप कमी पडले तेव्हा एकाने मलाच हाक मारली. मी उठून कप दिले. दिले की! तेव्हा अजून राग आला नव्हता.

मग मॅडमनी लॅपटॉपवर बोट टेकवलं आणि काकी बोलायला लागल्या.

काकींना जाऊन चार महिने झाले होते.

आधी गाळणी कपावर आपटल्याचा आवाज. दोनदा. मग मालवणीत, हळू. पडद्यावर इंग्रजीत भाषांतर सरकत होतं. काकींनी मध्येच गिरणीमालकाला एक कचकचीत शिवी घातली आणि लोक परत हसले. पुढे काय येणार, हे त्या सभागृहात मॅडमना आणि मला, दोघींनाच माहीत होतं.

लालबागच्या आमच्या चाळीत काकी दोन खोल्या सोडून राहायच्या. आई कामाला गेली की माझं जेवणखाण त्यांच्याकडेच. मोठी झाले आणि चाळीतल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले. तिथे विद्यापीठ आलं. 'तुमचा अनुभव, आमचं संशोधन, दोन्ही समान,' असं म्हणून करार झाला, फोटो निघाले. काम काय, तर गिरण्यांच्या संपाच्या आठवणी गोळा करायच्या. पुरुषांच्या खूप झाल्या, आता बायकांच्या हव्यात.

दादरला दोन दिवस शिकवणी झाली. मॅडम म्हणाल्या, "मुलाखत संपली म्हणून सांगायचं. रेकॉर्डर मात्र बंद करायचा नाही. बायका खरं बोलतात ते चहा ठेवताना."

मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मला वाटलं, बघा, आपल्याला आतली गोष्ट सांगितली. कसली अक्कल माझी!

काकींसमोर इंग्रजी फॉर्म ठेवला तर त्यांनी वाचून दाखव असंही म्हटलं नाही. "तू सांगतस तर करतंय सही." साक्षीदार म्हणून खाली माझी सही. तासभर बोलल्या. भोंगा, गणपती, मोर्चे. मी म्हटलं, "झालं हां काकी." त्या स्टोव्हकडे वळल्या. पाठमोऱ्याच विचारलं, "बंद केलंस मां तां?"

"हो काकी, केलं."

रेकॉर्डर माझ्या ओढणीखाली चालू होता.

संप सुरू झाला तेव्हा काकींच्या घरात दोन लेकरं होती. संप मोडेपर्यंत एक उरलं. ते कसं, हे त्यांनी मला त्या चहाबरोबर सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. सांगून झाल्यावर माझं मनगट धरलं. "दत्ताक ह्या कळाक नको. मी मेल्यार पण." दत्ता म्हणजे उरलेला मुलगा. आम्हा सगळ्यांचा दत्तादादा.

"नाही कळणार," मी म्हटलं. आणि त्याच दिवशी अख्खी फाइल मॅडमना पाठवली. खाली लिहिलं, चहानंतरचं वापरू नका. उत्तर आलं, 'सुपर्ब!' मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, चार जणींना दाखवलं मी ते.

सभागृहात मी उठले. चालत पुढे गेले आणि लॅपटॉपला लावलेली स्पीकरची वायर ओढली.

"हे बंद करा. त्यांना वाटलं मशीन बंद आहे."

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "सही आहे ना त्यांची? साक्षीदार तूच आहेस." मग माइकवर इंग्रजीत सांगितलं, ही भावनिक झालीय, वस्तीशी हिचं नातं फार जवळचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! मला ओरडायचं होतं.

तोच तुकडा आता लोअर परळच्या प्रदर्शनात लागणार आहे. जुन्या गिरणीच्या जागेवर, कानाला हेडफोन लावून ऐकायला. चाळीतल्या घरांना आमंत्रणं आलीत. दत्तादादाने नवा शर्ट घेतलाय.

"जाऊ नको रे दादा," मी म्हटलं.

"का?"

काकींना दिलेला शब्द आड आला.

"माझ्याकडे आयेचो आवाज नाय गो. एक व्हिडिओ पण नाय. तुझा काय जाता?" आता नळावर भेटला तरी माझ्याकडे बघत नाही.

संस्थेच्या ताई म्हणतात, माफी माग, ही भागीदारी तुटली तर आपलं केंद्र बंद पडेल. त्यांचंही खरं असेल. पण मी घरात चहा करणं सोडलंय. गाळणी हातात घेतली की मागे कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही. भीती वाटते. काकींची भीती वाटावी, ही काय वेळ आली माझ्यावर.

मॅडमच्या तुकड्यात काकींचा 'बंद केलंस मां' हा प्रश्न आणि माझं उत्तर नाही. त्यांनी ते कापलं. गाळणीपासून पुढचं ठेवलं. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. विद्यापीठाच्या समितीकडे मी लेखी तक्रार दिली, तर मॅडमचा फोन आला. "विचार कर. फसवणूक तू केलीस असं निघेल. पुन्हा कुठे उभं करणार नाहीत तुला."

"केलीच आहे मी," म्हटलं आणि फोन ठेवला.

उद्या अकरा वाजता समितीसमोर बोलावलंय. मी काकींचा प्रश्न वाजवणार आणि माझं उत्तर. त्याच्या पुढे एक शब्द नाही. सांगणार, ही खोटारडी बाई मी आहे, आणि हे खोटं शिकवणाऱ्या मॅडम ह्या बसल्यात. ती सही खोट्यावर घेतलेली आहे. तुकडा काढा.

नाही काढला, तर प्रदर्शनाच्या दारात उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच ऐकवीन. दत्तादादा सगळ्यांच्या आधी येईल, मला माहीत आहे. त्याच्या आईला मी फसवलं, हे त्याला माझ्याच तोंडून कळेल. मग त्याने मला मारलं तरी चालेल. पण तो हेडफोन त्याच्या कानाला मी लागू देणार नाही.