खाडीत बेपत्ता झालेला इंजिनिअर

हे प्रकरण कुठल्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत माझ्या नावावर नाही. घडले तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. तरीही नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांपेक्षा ते मला जास्त स्पष्ट आठवते.

कोरोनाचे पहिले वर्ष होते. मी आणि सौ. दोन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला आलो आणि विमाने बंद झाल्याने तिथेच अडकलो. जून लागला होता. दुकाने उघडली होती, अंगणात दीड मीटर अंतर ठेवून लोक बोलू लागले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीची सवय, सकाळी हजेरी घ्यायला कोणी नाही म्हणून मी गल्लीतल्या गाड्या मोजत असे.

त्या दिवशी दुपारी सव्वा वाजता दारावरची बेल वाजली. चार घरे सोडून राहणारी मुलगी होती. मूळची पुण्याची, नवरा चिप बनवायची यंत्रे तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. सोबत पाच वर्षांची लेक, तिच्या हनुवटीवर ताजी पट्टी.

“काका, तुम्ही पोलिसात होतात ना?” ती म्हणाली. “हिला लागलं म्हणून मी ह्याला फोन केला. बंद. हाउसआर्ट्सकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, टाके घालून आले, तरी बंद. शेवटी त्याच्या शिफ्ट मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, तो आज सुट्टीवर आहे. काका, सकाळी सहाला तो शिफ्टला म्हणून गेलाय.”

सौ.ने छोटीला आत नेले. मी त्या मुलीला मागच्या अंगणात बसवून पाणी दिले आणि लेकीची वाणसामानाची वही पुढे ओढली. नाव, वय, शेवटचे कधी दिसले, अंगावर काय होते. मिसिंगची तक्रार घेताना हाच क्रम. प्रश्न ठरलेले असले की घाबरलेल्या माणसाला आधार वाटतो, हा माझा अनुभव.

“भांडण?”

“नाही.”

“नोकरीचं काही टेन्शन? परमिटचं?”

“नाही. उलट दोन-तीन महिने खूश असतो.” ती थांबली. मग खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. “गेल्या आठवड्यात धुवायच्या जीन्समध्ये हा सापडला. मी विचारलं नाही. भेटायच्या वेळा आहेत, काका. मला कळतं.”

कागदावर हाताने दोन आठवड्यांच्या तारखा लिहिल्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे चार-चार वेळा. वेळेपुढे बारीक आकडा, कुठे तीनच्या वर, कुठे शून्याच्या जवळ. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तासाने पुढे सरकलेली.

मी दोन वर्षे रायगडला खाडीकाठच्या ठाण्यात काढली आहेत. तिथे ड्युटी चार्टच्या शेजारी दुसरा एक तक्ता टांगलेला असे. बुडालेला माणूस कुठे लागेल आणि होडी कधी काढायची, ते त्याच्यावरून ठरायचे.

“ह्या कुठल्या बाईला भेटायच्या वेळा नाहीत,” मी म्हणालो. “ही भरती-ओहोटी आहे. तुझा नवरा समुद्रावर जातो.”

मला वाटले, तिचा जीव भांड्यात पडेल. तिचा चेहरा पांढरा झाला.

“माझे बाबा धरणात बुडून गेले, मी नववीत असताना,” ती म्हणाली. “लग्नाआधी मी ह्याला एकच अट घातली होती. पाण्यात जायचं नाही.” आणि मग अगदी हळू, “बाई असती तर बरं झालं असतं, काका.”

कागदावर आजच्या तारखेपुढे साडेबाराला ओहोटीचा तळ होता. म्हणजे पाणी पुन्हा चढू लागून तास होत आला होता. पण कुठले पाणी? आइंडहोव्हनपासून समुद्र दीड तास दूर आणि किनारा लांबलचक.

भरतीच्या वेळा लिहून ठेवणाऱ्याकडे छोटी बोट असणार; ती तिच्या घरी नाही, गाडीवर कधी दिसली नाही. मग ती कुठेतरी ठेवलेली होती. गल्लीच्या टोकाला तिच्या नवऱ्याचा मित्र राहायचा, एकटा, घरून काम करणारा. अख्ख्या रांगेत गॅरेज त्याच्याच घराला. मी माझ्या लेकीला घेऊन तिथे गेलो.

दार उघडताच मी म्हणालो, “तुझ्या मित्राबद्दल विचारायचं होतं.”

“तो मास्ट्रिख्टला गेलाय, काका. कंपनीच्या कामाला. संध्याकाळी येईल.”

कुठे गेला हे मी अजून विचारले नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस ते उत्तर सकाळपासून घोकत असतो. शिवाय तो बोलत होता माझ्याशी, पण दर दोन वाक्यांना हातातला फोन बघत होता.

चौकशीत आवाज चढवायचा मोह होतो. मी नोकरीत चढवलाही आहे, तो सगळ्या वेळी कामी आला असे म्हणणार नाही. इथे तर माझ्याकडे ना गणवेश, ना अधिकार. मी त्याच्या पायरीवर बसलो.

“त्याला पोहता येतं का रे?”

त्याची नजर गॅरेजकडे गेली. झाले.

“हे बघ, तू त्याला शब्द दिलायस, ते चांगलंच केलंस. पण त्यानेही तुला काहीतरी शब्द दिला असणार. किती वाजता मेसेज करणार होता?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “अकराला. अकरा वाजता करतोच तो, दर वेळी. मला वाटलं बॅटरी संपली असेल. मग वाटलं, वहिनींना सांगितलं आणि तो आला, तर तो माझ्याशी परत बोलणार नाही.”

“गेलाय कुठे?”

“झीलंडला. ऑस्टरस्खेल्डे खाडी. कयाक घेऊन, एकट्याने वल्हवायची अरुंद होडी असते ती. मोठे सी बास मासे धरायला.”

त्याने फोन पुढे केला. सव्वानऊला आलेला फोटो होता. हातभर लांब, चांदीसारखा मासा, आपल्या जिताड्याच्या तोंडवळ्याचा. मागे खूप दूरवर पुलाचे खांब आणि एका बाजूला उघडी पडत चाललेली वाळू.

माझ्या लेकीने तिथूनच ११२ फिरवला. मला धास्ती होती की पलीकडची बाई म्हणेल, संध्याकाळपर्यंत वाट बघा. ती तसे म्हणाली नाही. कयाकचा रंग कोणता, लाइफ जॅकेट आहे का, फोटो किती वाजताचा, एवढेच विचारून तिने फोन किनाऱ्यावरच्या बचावपथकाला जोडून दिला. पिवळी कयाक, लाल जॅकेट. फोटो पाठवला. घड्याळात एक पन्नास झाले होते.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. नोकरीत अशा वेळी मी वायरलेसच्या खोलीत येरझाऱ्या घालायचो. इथे मी त्या मुलीसमोर बसून राहिलो. तिने एकदाच विचारले, “पाणी किती वेळात चढतं?” मी खरे ते सांगितले. उंच वाळूवर असेल तर साडेतीनपर्यंत वेळ आहे.

पावणेतीनला फोन वाजला. लेकीने डचमध्ये चार शब्द ऐकले आणि तोंडावर हात ठेवला. “बाबा, सापडला. गारठलाय, पण बोलतोय.”

ती मुलगी उभी होती ती तिथेच फरशीवर बसली. म्हणाली, “कोरडे कपडे न्यायला हवेत.” आणि मग मोठ्याने रडू लागली. सौ. तिच्याशेजारी जाऊन बसली. दीड मीटरचा नियम त्या दिवशी आमच्या घरात मोडला, हे मी कबूल करतो.

काय घडले ते त्याने दोन दिवसांनी स्वतः येऊन सांगितले. एका अर्थी तो त्याचा जबाबच होता, फक्त मी सही घेतली नाही.

साडेदहाच्या सुमारास त्याच्या गळाला पहिल्यापेक्षा मोठा मासा लागला. त्याने कयाक चांगलीच ओढत नेली. मासा जवळ आला तेव्हा पाण्यातून घोड्यासारखे लांब तोंड वर आले. राखाडी सील, नर. दोन माणसांच्या वजनाचा तरी असेल. त्याने मासा मधोमध धरला आणि खाली बुडी मारली. गळाची दोरी कयाकच्या कडीत अडकली आणि कयाक पालथी झाली. फोनची पिशवी कयाकला बांधलेली, ती कयाकसकट ओहोटीबरोबर निघून गेली. जॅकेटमुळे तो तरंगत राहिला आणि पोहत जवळच्या वाळूवर लागला.

त्या वाळूवर तीसेक सील ऊन खात पडलेले होते. ओहोटी होती तोवर जागा भरपूर होती. भरती लागली तसा कोरडा तुकडा लहान होत गेला, आणि त्याच्या उंच भागावर सील. तो एक पाऊल वर चढला की कडेचा मोठा नर मान उचलून दात दाखवी. मासा नेला तोच होता की दुसरा, ते त्याला सांगता येईना. “मी मागे सरकायचो, काका. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. पुढे तो, मागे भरती.” बचावपथकाची बोट आली तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होते.

“सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?” मी विचारले.

“सीलची नाही. मी कंपनीत आहे असं बायकोला वाटतंय, आणि मास्ट्रिख्टला आहे असं मीच मित्राला सांगायला लावलंय. मी खरा जिथे आहे, तिथे मला शोधायला कोणी येणारच नाही, असं मनात आलं.”

त्याची बायको आठ दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी तिने त्याला गाडी काढायला लावली आणि ती जागा दाखव म्हणाली. बांधावर उभी राहून तिने पाण्याकडे तासभर बघितले. कयाक विक, असे ती म्हणाली नाही. निघायची वेळ आणि परतायची वेळ मला सांगून जायचं, एवढेच म्हणाली. तो आता वॉटरप्रूफ वायरलेस छातीला बांधतो आणि बांधापासून फार लांब जात नाही.

मी मात्र त्या उन्हाळ्यात बराच अस्वस्थ होतो. लपवाछपवी दिसली की मागे गुन्हा असणार, हे मी नोकरीभर धरून चाललो. ह्या माणसाने बायकोला भीती वाटू नये म्हणून लपवले होते, आणि त्यातच त्याचा जीव जात होता. दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. नवरा घरी आला नाही म्हणून ठाण्यात आलेल्या कितीतरी बायकांना मी म्हणालो आहे, “येईल हो, उद्यापर्यंत वाट बघा.” बहुतेकांचे नवरे आले. ज्यांचे आले नाहीत, त्यांची नावे मला आठवत नाहीत, आणि ती आठवत नाहीत ह्याचीच आता लाज वाटते. पोरगी माझ्या दारात सव्वा वाजता उभी राहिली तेव्हा मी तिला थांब म्हणालो नाही. एवढे एक काम तरी मी वेळेवर केले.