बुडालेल्या इंजिनाची जीप

हिराजी नाखवा कुठलीही वस्तू हाती घेण्याआधी बोटाच्या पेरांनी ठोकून पाही. कलिंगड सगळेच ठोकतात. हा कँटीनचं टेबल ठोकी, नव्या बुटांचे तळ ठोकी. एकदा आमच्या घरी आला आणि दाराची चौकट ठोकून आईला म्हणाला, "मावशी, खालून पोकळ झालीय. वाळवी हाय." आईला राग आला. पुढच्याच महिन्यात सुताराला बोलवावं लागलं.

ऐंशीच्या दशकात माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, तो देखभाल खात्यात फिटर. घर बाळकूमच्या बाजूला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. थोरला भाऊ धर्मा मासेमारी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हिराजी त्याच्याबरोबर जायचा. त्यांच्या होडीत एक डिझेल इंजिन होतं, मुळात टेम्पोचं. दोघा भावांनी मिळून ते होडीत बसवलं होतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी खाडीच्या तोंडाशी वाऱ्याने ती होडी उलटली. हिराजी पोहून काठाला लागला. धर्मा लागला नाही. होडीच्या फळ्याफळ्या झाल्या. दिवसकार्य आटोपल्यावर ओहोटीच्या वेळी गाळात इंजिन दिसलं. हिराजीने दोर लावून ते ओढून काढलं आणि घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवलं.

कोळीवाड्यात हे कुणालाच रुचलं नाही. माणूस खाल्लेलं इंजिन, म्हणत. धर्माची बायको जनाबाई त्या शेडकडे पाठ करूनच नळावर जाई. हिराजी वाद घालत नसे. मला मात्र एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "इंजिनानं काय खाल्लं रे? होडी उलटत होती तरी ते चालतच होतं. पाण्याखाली गेलं तेव्हा थांबलं. शेवटपर्यंत काम केलं ते त्यानंच. मी तर पोहत सुटलो."

त्याने इंजिन पूर्ण खोललं, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, जिथे गंज शिरला होता ते भाग बदलले. तोवर जनाबाई दोन मुलींसाठी मासळी विकू लागली होती. मासळी आणायची तर मिठागरांच्या बांधांवरून घोटाभर चिखलातून जायचं, आणि मग ओली पाटी घेऊन बसमध्ये चढायचं. वास येतो म्हणून लोक तिला खाली उतरायला लावत. हिराजी मला म्हणाला, "कर्णिक, वयनीला गाडी पायजे. इंजिन आपल्याकडे हाय. आता त्या इंजिनाला गाडी बघू."

लोक गाडीसाठी इंजिन शोधतात; आम्ही इंजिनासाठी गाडी शोधत निघालो. बांधावरच्या चिखलातून जायचं म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जुनी जीपच हवी होती. खोपटला बस डेपोमागच्या एका गॅरेजात लालभडक जीप होती. रुंद टायर, नवा हुड. मी तर पाहताक्षणी हो म्हणून बसलो. हिराजी तिच्याखाली आडवा झाला आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ठोकत सरकत गेला. ठण्, ठण्, आणि एके ठिकाणी भद्. गंजलेल्या भोकांत लांबीचं लुकण भरून वर रंग मारला होता.

"नवरी सजवलीय, पण हाडं गेलीत," तो बाहेर येत म्हणाला. "पेट्रोलचं इंजिन हलकं असतं, तेवढ्यापुरती ही चालेल. डिझेल जड, वर हादरे देतं. ही कमरेत मोडायची."

कल्याणला पाहिलेल्या जीपची हाडं धड होती, पण पुढच्या चाकांना ओढ देणारा एक्सलच कुणीतरी काढून विकला होता. असे बरेच रविवार गेले.

डोंबिवलीला लेलेबाईंच्या अंगणात, जांभळाखाली, ताडपत्रीने झाकलेली एक जीप असल्याचं कळलं. त्यांचे यजमान मुरबाडकडच्या डोंगरात जमीनमोजणीची कामं घेत. ते गेल्यापासून गाडी उभी होती आणि इंजिन जाम झालं होतं. रंग उडालेला, सीट उंदरांनी खाल्लेली. हिराजी खालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"बाई, हाडं शाबूत हायेत. पण खरं सांगतो, साहेबांचं इंजिन मी काढून टाकणार."

"आणि कोणतं बसवणार?"

हिराजीने सगळं सांगितलं, काही न लपवता. लेलेबाई पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या.

"आतापर्यंत आलेले सगळे म्हणाले, गाडी जशीच्या तशी ठेवू. मला ते खरं वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहिनींना ठाऊक आहे, ते इंजिन यात बसणार आहे?"

"नाय अजून."

"मग आधी त्यांना विचारा. त्यांनी हो म्हटलं की गाडी घेऊन जा. तोवर मी ती दुसऱ्या कुणाला देणार नाही."

जनाबाईने साफ नकार दिला. तो आवाज पुन्हा कानावर नको, म्हणाली.  बऱ्याच दिवसांनी एका सकाळी हिराजी तिला जे म्हणाला, ते त्याने मला नंतर सांगितलं: "वयनी, त्या होडीतून दोघंच वर आलो. मी आणि ते. त्याला टाकायचं तर मलापण टाक."

 दुसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "आण गाडी."

इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स जोडणाऱ्या जाड प्लेटचं ड्रॉइंग मी काढलं. बाकीचं सगळं हिराजीने केलं. जीप पहिल्यांदा सुरू झाली त्या दुपारी अर्धा कोळीवाडा लांब उभा होता. धडधड सुरू झाली तशी जनाबाई दारात आली. चौकट धरून उभी राहिली. आता ही आत निघून जाणार, असं मला वाटलं.

"एवढं जोरात नाय ठेवायचे पोरींचे बाबा," ती म्हणाली. "कमी कर."

हिराजीने इंजिनावर वाकून वेगाचा स्क्रू फिरवला. आवाज मंद होत गेला.

"आणखी थोडं. हां. बस."

ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. मग आत गेली, पाटी घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली. हिराजी तिच्या शेजारी चढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. भाऊ गेला तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षं ती जीप मिठागरांच्या बांधांवरून धावली. जनाबाईबरोबर शेजारच्या बायकाही पाट्या घेऊन बसू लागल्या. माणूस खाल्लेलं इंजिन हे शब्द कुणी उच्चारेनासं झालं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंजिनाला तडा गेला. हिराजी काहीतरी करून ते वाचवील अशी माझी खात्री होती. त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "काढू या." जनाबाईच म्हणाली, "आणखी एकदा बघ ना."

"वयनी, किती राबवशील त्याला? पोरी मोठ्या झाल्या. आता सोडू या."

भंगारवाल्याची हातगाडी वळणाआड गेली तसे त्याने हात धुतले आणि जेवायला बसला. जेवताना धर्माच्या गोष्टी सांगत होता. धर्मा पहिलं जाळं उलटं टाकून बसला होता ती गोष्ट सांगताना तर पोट धरून हसला. इतक्या वर्षांत धर्माचं नाव घेऊन हसताना मी त्याला पहिल्यांदा पाहत होतो.

त्यानंतर हिराजी फार जगला नाही. काविळीने गेला. मी भेटायला गेलो तेव्हा जनाबाई ओट्यावर बसली होती. दुसरं इंजिन बसवलेली जीप धाकट्या मुलीने कामावर नेली होती.

"माझ्याकडे बघताना त्याची मान कायम खाली असायची," जनाबाई म्हणाली. "त्याला वाटायचं, तो का वाचला म्हणून मी मनात धरून हाय. पहिल्या दिवसापासून मी देवाला हात जोडत होते भाऊ, एक तरी परत दिलास म्हणून. पण हे त्याला सांगायचं राहून गेलं."