अनघाचं ॲप आणि तिने लिहिलेली अकरा पानं

अनघाचं ॲप तिच्या सात महिने आधी गेलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितोय. ॲप जाण्यात माझी चूक होती, तेही एकदा सांगून टाकायचंय.

अनघा माझी घाटकोपरच्या शाळेतली मैत्रीण. किडन्या गेल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास.
डावा हात मशीनला. उजवा मोकळा.

त्या एका हाताने तिने ॲप बनवलं.

कुणी पेशंट गावी गेला की त्याचा डायलिसिसचा स्लॉट रिकामा जातो. त्याच वेळी दुसऱ्या सेंटरला कुणीतरी स्लॉटसाठी हात जोडत असतो. घाटकोपर ते मुलुंड, या दोघांची गाठ घालून द्यायची. बस, एवढंच.

"पण मला कोडिंग कुठे येतं रे?"

मी अंधेरीत सॉफ्टवेअरमध्ये. तोऱ्यात म्हणालो, "कोड लागतच नाही आता. नो-कोड टूल घे. स्क्रीनवर तुकडे उचलायचे, जोडायचे. झकास ॲप होईल."

झालंही. सहा सेंटरचे पेशंट वापरायला लागले.

मग त्या टूलच्या कंपनीचा मेल आला. कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती. साठ दिवसांत सगळं बंद.

"ॲप दुसरीकडे हलव ना," अनघा म्हणाली.

मी बसून शोधलं. नावं आणि फोन नंबर तेवढे उतरवून घेता येत होते. बाकी तिने जोडलेलं काहीच बाहेर काढता येत नव्हतं.
हे मी आधी बघायला हवं होतं. माझं कामच आहे ते.
नाही बघितलं.

तिला सांगितलं. ती म्हणाली,
"म्हणजे बांधलं मी, पण माझं नव्हतंच."
"सॉरी, अनघा."
"सॉरी नंतर. आधी नंबर उतरव."

पुढच्या डायलिसिसला ती फुलस्केप कागद घेऊन गेली. ॲप जे जे ठरवायचं ते सगळं लिहून काढलं. स्लॉट सुटला की पहिला फोन ज्याचा टर्न चुकलाय त्याला. मग जो वेळेत पोचू शकेल त्याला. सिस्टरला विचारल्याशिवाय कुणालाही हो म्हणायचं नाही. एकटं येणाऱ्याला घरी कसे जाणार ते विचारायचं.

अकरा पानं झाली.

मग शैलावहिनींना गाठलं. त्यांचे मिस्टर शेजारच्या बेडवर असायचे.
"वहिनी, तुम्ही बोलता छान. या पानांप्रमाणे फोन तुम्ही करायचे."

ॲप बंद झालं त्या सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. भांडुपच्या सावंतकाकांचा फोन आला.
"गो बाय, तुजा ता ॲप उघडना नाय. कालचो टर्न चुकलो माजो. आता खंय जाव मी?"



ती शांतपणे म्हणाली, "काका, घरीच थांबा. वहिनी फोन करतील." मग तिने वहिनींना काकांचं कळवलं.

पाऊण तासाने वहिनींचा फोन. मुलुंडच्या एक बाई लग्नाला गेल्या होत्या, सिस्टर हो म्हणाल्या होत्या, काका रिक्षात बसलेसुद्धा.

अनघाने डोळे मिटले. "चला," म्हणाली.

नंतर मी विचारलं, "मी कोड लिहून नवीन ॲप देऊ? आपल्या मालकीचं?"
"दे ना. पण मला तुझ्यावरपण अवलंबून राहायचं नाहीये. तू उद्या अमेरिकेला गेलास तर?"

लागलं मला. पण बरोबर होतं तिचं.

इन्फेक्शन होऊन ती गेली तेव्हा माझं ॲप अर्धवटच होतं. त्या दिवशीही वहिनी रडत रडत फोन लावत होत्या.

आता नवीन ॲप चालू आहे. कोड माझ्यासकट तिघांकडे आहे, दर रविवारी पेशंटची यादी कागदावर छापून वहिनींकडे जाते. आणि महिन्यातून एक दिवस आम्ही ॲप मुद्दाम बंद ठेवतो. सगळं माणसांनी करायचं.

काल तो दिवस होता. चार स्लॉट सुटले. चारही भरले.

अनघा, मनापासून नमस्कार तुला. खूप आठवण येते गं.