दुपारच्या कोऱ्या नोंदी

संशय घ्यायला मला फारसं कारण लागत नाही. घरी दूधवाल्याचं मापसुद्धा मीच तपासायचो. त्यात नव्वदचं दशक सरताना धुळ्याच्या एका संगणकवर्गाचा प्रॉक्सी सर्व्हर सांभाळायचं काम मला मिळालं. एका फोनलाइनवरचं इंटरनेट आठ संगणकांना वाटून देणारं आणि कोणी कधी काय उघडलं ते टिपून ठेवणारं ते यंत्र. जळगावला, मेहरूणच्या घरी बसून मी मोडेमने त्याला फोन लावायचो आणि त्या नोंदी वाचायचो. लांबून नजर ठेवायचं हे काम मला भलतंच मानवलं.

एप्रिल लागला आणि दुपारी एक ते तीनच्या नोंदी कोऱ्या येऊ लागल्या. त्या वेळात फोन लावला तर नुसती रिंग. वर्गाची देखभाल करायला एक नाना होते, साठीचे, पूर्वी केळीच्या बागेवर पाण्याची मोटर चालवणारे. त्यांना ऑफिसच्या फोनवर विचारलं.

"चालू शे ना भाऊ. बठ्ठं चालू शे."

सगळं चालू, म्हणे. म्हणजे धडधडीत खोटं. माझं डोकं भणभणलं. हा म्हातारा दुपारी माझी तार काढतो, कोणाला तरी आत घेतो, नको ते बघू देतो आणि मागाहून नोंदी पुसतो, असं मी मनाशी पक्कं केलं. महिनाभर पाहिलं आणि संचालकांना पत्र टाकलं: हा माणूस विश्वासाचा नाही.

तेवढ्यावर भागेना. रंगेहाथ पकडायची हुक्की आली. मे महिन्यात, न कळवता, भर दुपारी एसटीने धुळ्याला उतरलो. वर्गात विद्यार्थी नव्हते. सर्व्हर बंद, झाकण उघडं, खिडकीला ओलं गोणपाट. नाना पुठ्ठ्याने यंत्राला वारा घालत बसले होते.

"मोटर तापनी ते जळी जास, भाऊ. इले बी इसावा लागस," ते ओशाळून म्हणाले. "तुम्ही रागे भरशात म्हनीसन सांगं नही."

मी वाकून आत पाहिलं. पंखा जाम होता. शेजारच्या जिनिंगमधून उडालेला कापूस त्यात घट्ट बसला होता. दर महिन्याला येऊन तो साफ करायचं मी कबूल केलं होतं, आणि दिवाळीनंतर तिकडे फिरकलोही नव्हतो. नानांनी विसावा दिला नसता तर यंत्र केव्हाच जळालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात संचालक आले. "तुमचं पत्र मिळालं," ते म्हणाले. "नानांना उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगणारच होतो. पण सर्व्हर बंद का होता, ते कळलं का?"

नाना माझ्याकडे बघत होते. पंख्याचं सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. मी झाकण लावलं.

"विचारल्याशिवाय बंद करायला नको होता," मी म्हणालो.

नाना उठले. खिडकीचं गोणपाट काढून त्यांनी पिळलं, घडी घातली आणि डबा उचलून निघाले. ते गेल्यावर मी पंखा साफ केला.